भिंतीपलीकडचा स्पीकर

दिवाणखान्यात लावलेले गाणे स्वयंपाकघरातही नीट ऐकू यावे, ही अपेक्षा अगदी साधी आहे. पण ती पुरी करण्याचा सर्वांत सोपा वाटणारा उपाय, म्हणजे दिवाणखान्यातल्या संचाचा आवाज चढवणे, हा प्रत्यक्षात सर्वांत निरुपयोगी ठरतो. भिंत सगळ्या स्वरांना सारख्या प्रमाणात अडवत नाही. जड आणि एकसंध भिंतीच्या बाबतीत ध्वनीची वारंवारता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, दुप्पट झाली की भिंतीचा अडथळा साधारण ६ डेसिबलने वाढतो, असा ध्वनिशास्त्रातला ढोबळ नियम आहे. त्यामुळे डग्ग्याचा घुमारा भिंतीतून पलीकडे पोचतो. पण तबल्याच्या चाटीवरचे बोल, तंबोऱ्याची जवारी आणि स, श, च, ट यांसारखी व्यंजने, ज्यांच्यावर गाण्याचा रंग आणि शब्दांचा अर्थ अवलंबून असतो, ती अलीकडेच राहतात. शिवाय डेसिबल हे मापन गुणोत्तरावर आधारलेले आहे: अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते आणि आवाज कानाला दुप्पट मोठा भासण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ, म्हणजेच दहापट शक्ती, लागते. एवढे करून दिवाणखान्यात बसणे अवघड होते आणि स्वयंपाकघरात पोचतो तो केवळ धमधमाट.

म्हणून दुसऱ्या खोलीत वेगळा स्पीकर बसवावा लागतो आणि तसा तो बसवताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते, ती अशी की मोबाइल किंवा सीडी प्लेअरपासून कानापर्यंतच्या प्रवासात एकच गाणे चार रूपे घेते. आरंभी ते आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. मग त्याचा फार तर एक-दोन व्होल्टचा क्षीण विद्युतसंकेत होतो. अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे संकेताचे बळ वाढवणारे उपकरण, त्याला स्पीकर हलवण्याइतका सशक्त करतो. आणि शेवटी स्पीकर त्याचे हवेतल्या कंपनांत रूपांतर करतो. घरातली भिंत या चारपैकी कोणत्याही रूपात ओलांडता येते आणि चौथ्या रूपात ती ओलांडू पाहण्यात काय अडचण आहे, हे वर आलेच आहे. उरलेल्या तीन रूपांपैकी कोणते निवडायचे, याच्या उत्तरावर तारेची जाडी, उपकरणांची संख्या, खर्च आणि आवाजाचा दर्जा हे सगळे ठरत असते. कारण प्रत्येक रूपाला भिंतीपाशी वेगळी जकात भरावी लागते.

सशक्त प्रवाह आणि त्याचा भार

सर्वांत जुना आणि आजही सर्रास वापरला जाणारा मार्ग म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर जागच्या जागी ठेवून त्याच्यापासून दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरपर्यंत तार नेणे. व्हॉल्व्हच्या जमान्यातल्या अनेक रेडिओसंचांच्या पाठीमागे जादा स्पीकर जोडण्यासाठी स्वतंत्र खोबणी असत, त्या याच कामासाठी. स्पीकर ही मुळात एक प्रकारची विद्युतमोटरच असते. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये ज्या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, तीच मूलतः आजही चालू आहे: चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते, त्याला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू चिकटवलेला असतो आणि वेटोळ्यातून बदलता प्रवाह गेला की शंकू पुढेमागे होऊन हवा हलवतो. हे वेटोळे प्रवाहाला करत असलेला विरोध वारंवारतेनुसार बदलतो, म्हणून त्याला नुसता रोध न म्हणता संरोध म्हणतात. स्पीकरच्या पाठीमागे छापलेला ४, ६ किंवा ८ ओहम हा आकडा म्हणजे त्या बदलत्या संरोधाचे नाममात्र मूल्य होय.

किती खोल्यांत किती स्पीकर लागले आहेत, याच्याशी अ‍ॅम्प्लिफायरला कर्तव्य नसते; त्याच्या टोकांवर एकूण किती ओहमचा भार आहे, एवढेच त्याला जाणवते. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, म्हणजे दोघांच्याही दोन्ही तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या त्याच दोन टोकांना लावल्या, तर एकूण संरोध ४ ओहम होतो; असे चार स्पीकर जोडले तर तो २ ओहमवर येतो. ओहम जितके कमी तितका भार अधिक, हे प्रथम ऐकताना उलटे वाटते. पण नळाची तोटी जितकी मोकळी तितके टाकीतले पाणी लवकर उपसते, हे लक्षात घेतले की त्यातले कोडे सुटते. अ‍ॅम्प्लिफायर २० व्होल्ट देत असेल तर ८ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपिअर प्रवाह वाहतो आणि शक्ती ५० वॉट होते. ४ ओहमवर प्रवाह ५ अँपिअर आणि शक्ती १०० वॉट. तर २ ओहमवर प्रवाह १० अँपिअर आणि शक्ती २०० वॉट. ५० वॉटच्या हिशेबाने बांधलेल्या यंत्राकडून २०० वॉट मागितले की त्यातले ट्रान्झिस्टर तापतात, संरक्षक रिले ‘कट’ असा आवाज करून संच बंद पाडतो आणि तसा रिले नसेल तर ट्रान्झिस्टरच जळतात. ‘ए’ आणि ‘बी’ अशा स्पीकरच्या दोन जोड्यांची सोय असलेल्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरवर एकच जोडी वाजवायची असल्यास ४ ते १६ ओहम आणि दोन्ही एकदम वाजवायच्या असल्यास ८ ते १६ ओहम, असे जे बारीक अक्षरात छापलेले असते, त्याचे कारण हेच आहे.

यावर सहज सुचणारा तोडगा एकसर जोडणीचा, म्हणजे एका स्पीकरमधून निघालेली तार दुसऱ्यात नेऊन साखळी करण्याचा. त्यात ८ आणि ८ मिळून १६ ओहम होतात आणि अ‍ॅम्प्लिफायर निर्धास्त राहतो हे खरे. पण दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझावी, तसा एका खोलीतला स्पीकर काढला की दुसरीतलाही मुका होतो. शिवाय दोन वेगळ्या जातींचे स्पीकर असतील तर त्यांचे संरोध निरनिराळ्या वारंवारतांना निरनिराळे असल्यामुळे विद्युतदाबाची वाटणी स्वरागणिक बदलते आणि दोघांचाही आवाज बिघडतो. त्याहून शहाणपणाचा मार्ग म्हणजे स्पीकर सिलेक्टर नावाची पेटी. चांगल्या सिलेक्टरमध्ये भार ठरावीक मर्यादेखाली उतरू नये अशी तजवीज केलेली असते. दुसऱ्या खोलीतला आवाज तिथल्या तिथे कमीजास्त करायचा असेल तर भिंतीवर बसवायचे नियंत्रकही मिळतात; त्यांच्यापैकी रोधकांवर चालणारा प्रकार नको असलेली शक्ती उष्णतेत घालवतो, तर ट्रान्सफॉर्मरवर चालणारा प्रकार विद्युतदाबच उतरवतो आणि त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरवरचा भारही हलका होतो.

एक चूक मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. स्वयंपाकघरात एकच स्पीकर आहे आणि त्यात डावी-उजवी अशा दोन्ही बाजूंचे गाणे ऐकू यावे, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या बाजूंची टोके एकमेकांना जोडली तर दोन्ही बाजू एकमेकींतच प्रवाह ढकलू लागतात आणि यंत्र निकामी होण्याचा धोका उद्भवतो. या गरजेसाठी एकाच चौकटीत दोन स्वतंत्र वेटोळी असलेले छतात बसवायचे स्पीकर मिळतात. अन्यथा संच मोनोवर, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच मिश्रण देणाऱ्या स्थितीवर, ठेवता येतो. स्वयंपाकघरात माणूस ओट्यापासून फ्रिजपर्यंत सतत फिरत असल्यामुळे डाव्या-उजव्याचा भेद तिथे फारसा टिकत नाही आणि मोनोने काही बिघडतही नाही.

तारेचा हिशेब

स्पीकरच्या तारेविषयी बाजारात जितके गूढ पसरवले जाते तितके ते मुळात नाही. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो आणि प्रवाहाला जाऊन परत यायचे असल्यामुळे अंतर दुप्पट धरावे लागते. दिवाणखान्यापासून मागच्या खोलीपर्यंत तारेची वाट १५ मीटर असेल, तर दीड चौरस मिलिमीटर तारेत एकूण रोध ०.३४ ओहम भरतो आणि ८ ओहमच्या स्पीकरकडे जाणारी शक्ती सुमारे ८ टक्क्यांनी घटते. ही घट अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी असल्याने कानाला जाणवण्याजोगी नसते. तीच तार अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची असेल तर रोध १ ओहमच्या वर जातो. ८ ओहमच्या स्पीकरवर त्याने १ डेसिबलची आणि ४ ओहमच्या स्पीकरवर सुमारे २ डेसिबलची घट होते, आणि ती सर्व स्वरांवर सारखी होत नसल्यामुळे आवाजाचा पोतही बदलतो. तारेचा एकूण रोध स्पीकरच्या संरोधाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, हा व्यवहारातला नियम याच हिशेबातून आला आहे. साध्या घरात दीड आणि लांबच्या अंतराला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. मात्र तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार दिसायला हुबेहूब तशीच असली तरी तिचा रोध सुमारे दीडपट असतो, तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत ती घेताना तारेचे टोक खरवडून आतला धातू पाहून घेणे बरे.

तारेच्या दोन धाग्यांपैकी एकावर रेघ किंवा वेगळा रंग असतो, तो शोभेसाठी नसतो. अ‍ॅम्प्लिफायरचे लाल टोक स्पीकरच्या लाल टोकाला आणि काळे काळ्याला जोडले गेले पाहिजे. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तर एकाचा शंकू हवा पुढे ढकलत असताना दुसऱ्याचा ती मागे ओढत राहतो आणि खर्जातले स्वर एकमेकांना मारून आवाज पोकळ होतो. भिंतीतून गेलेल्या तारेवरची खूण पुसली गेली असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहावा: सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाशी जोडलेले असेल तर शंकू बाहेरच्या दिशेने उचलला जातो.

अंतर फार वाढले आणि स्पीकरही बरेच झाले, तर हा मार्ग तोकडा पडतो. शाळा, सभागृहे आणि रेल्वे स्थानके यांमध्ये म्हणून १०० व्होल्ट लाइन नावाची पद्धत वापरतात. वीज दूरवर नेताना विद्युतदाब चढवतात आणि वापराच्या ठिकाणी उतरवतात, तेच तत्त्व इथे लागू होते: अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात असताना १०० व्होल्टपर्यंत दाब देतो, त्यामुळे त्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो, बारीक तार चालते आणि प्रत्येक स्पीकरमागचा छोटा ट्रान्सफॉर्मर तो दाब पुन्हा खाली आणतो. १० वॉटच्या खुणेवर लावलेला असा स्पीकर लाइनला १००० ओहमचा दिसतो, म्हणून १०० वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर असे दहा स्पीकर ओहमची आकडेमोड न करता केवळ वॉटची बेरीज पाहून लावता येतात. स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये खर्जाचे स्वर दुबळे होतात, ही या पद्धतीची किंमत आहे. दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेला तिची गरज नाही, मोठ्या बंगल्याला किंवा वसतिगृहाला आहे.

क्षीण संकेत आणि गुणगुण

दुसऱ्या रूपात भिंत ओलांडायची म्हणजे दिवाणखान्यातल्या संचातून केवळ क्षीण संकेत बाहेर काढायचा आणि दुसऱ्या खोलीत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर किंवा ज्याच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर आहे असा स्पीकर ठेवायचा. यात ओहमच्या भाराचा प्रश्न उरत नाही आणि प्रत्येक खोलीचा आवाज स्वतंत्रपणे लावता येतो. पण क्षीण संकेताला वाटेतले अडथळे लवकर बाधतात. त्याच्या तारेला भोवतालच्या विद्युत हस्तक्षेपापासून वाचवणारे धातूचे जाळीदार आवरण असावे लागते आणि आतल्या धाग्याची या आवरणाशी मिळून होणारी धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, लांबीबरोबर वाढत जाते. तारेची धारिता दर मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर १५ मीटरच्या तारेत ती १५०० पिकोफॅरड होते. संकेत देणाऱ्या उपकरणाचा अंतर्गत संरोध १००० ओहम असेल तर त्याने काहीच बिघडत नाही. पण तो १०,००० ओहम असेल तर १० किलोहर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर दबू लागतात. ग्रामोफोनच्या सुईचा संकेत तर काही मिलिव्होल्ट इतकाच असल्यामुळे तो वाढवून घेतल्याशिवाय दुसऱ्या खोलीत नेऊच नये.

या मार्गातला सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे गुणगुण. दोन खोल्यांतली दोन उपकरणे दोन वेगळ्या प्लगमधून वीज घेतात, दोघांची अर्थिंगची तार घराच्या वायरिंगमधून एकमेकींना मिळालेली असते आणि संकेताच्या तारेचे आवरण त्यांना पुन्हा एकदा जोडते, त्यामुळे एक बंद वेटोळे तयार होते. त्यातून वाहणारा सूक्ष्म प्रवाह वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींतल्या वारंवारतांची गुणगुण संगीतात मिसळतो. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली की गुणगुण थांबते, असा सल्ला अनेकदा दिला जातो. तो जीवघेणा आहे, कारण उपकरणात बिघाड होऊन त्याच्या धातूच्या पेटीत वीज उतरली तर माणसाला वाचवणारी वाट तीच असते. योग्य उपाय म्हणजे संकेताच्या तारेत ध्वनिसंकेतासाठी बनवलेला विलगक ट्रान्सफॉर्मर घालणे. त्यातून संकेत चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने पुढे जातो आणि वेटोळे मात्र तुटते.

आकडे, बिनतारी आणि वेळ

पहिल्या रूपात, म्हणजे आकड्यांच्या रूपात, भिंत ओलांडणे अलीकडच्या दोन दशकांत घरगुती आवाक्यात आले. सीडीवरील ध्वनी म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० वेळा, प्रत्येक वेळी १६ बिटांत आणि दोन बाजूंसाठी केलेली मोजणी. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. आजच्या घरगुती वाय-फायला हा ओघ जड नाही. ब्लूटूथ त्याहून अरुंद वाट असल्यामुळे तिथे ध्वनी आधी दाबून लहान केला जातो आणि समोर पोचल्यावर उलगडला जातो. शिवाय घरगुती ब्लूटूथ साधनांचा पल्ला साधारण १० मीटरचा धरतात आणि तोही मोकळ्या जागेत. सळया घातलेल्या काँक्रीटच्या भिंती, लोखंडी कपाट आणि पाण्याने भरलेले पिंप हे सगळे त्या लहरी अडवतात, म्हणून एका खोलीत सुरळीत चालणारे ब्लूटूथ दुसऱ्या खोलीत अडखळते. कॅलिफोर्नियात २००२ मध्ये स्थापन झालेल्या सोनोस कंपनीने आपली पहिली अनेक खोल्यांची बिनतारी ध्वनिरचना २००५ मध्ये बाजारात आणली. पुढे अ‍ॅपलचे एअरप्ले आणि गूगलचे कास्ट या पद्धतींमुळे निरनिराळ्या कंपन्यांचे स्पीकर एकाच जाळ्यात येऊ लागले.

या रूपाची जकात वेळेत भरावी लागते. तारेतून जाणारा संकेत दुसऱ्या खोलीत तत्क्षणी पोचतो, पण आकडे गोळा करणे, दाबणे, पाठवणे आणि उलगडणे यांत ब्लूटूथवर अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याइतका उशीर होतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये आपल्या प्रबंधातून दाखवले की तोच ध्वनी सुमारे ३० ते ४० मिलिसेकंदांच्या आत दुसऱ्यांदा आला तर कान दोन्ही एकच मानतो. त्याहून उशीर झाला की दुसरा ध्वनी वेगळा ऐकू येऊ लागतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जात असल्यामुळे ७ मीटर दूरच्या तारेच्या स्पीकरचा आवाज २० मिलिसेकंद मागाहून येतो आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला काहीच खटकत नाही. पण दिवाणखान्यात तारेचा आणि स्वयंपाकघरात ब्लूटूथचा स्पीकर एकाच वेळी वाजत असेल, तर त्याच उंबऱ्यात प्रत्येक ओळ दोनदा ऐकू येते.

केवळ उशीर समान ठेवूनही भागत नाही. प्रत्येक बिनतारी स्पीकरचे घड्याळ एका स्फटिकाच्या कंपनांवर चालते आणि दोन स्फटिकांत एक लाखात पाच इतका फरक असला तरी तासाभरात दोन स्पीकरांमध्ये १८० मिलिसेकंदांचे अंतर पडते. म्हणून अनेक खोल्यांसाठी बनवलेल्या रचनांत स्पीकर एकमेकांशी सतत वेळ जुळवून घेतात, थोडे संगीत आधीच साठवून ठेवतात आणि अमुक क्षणी अमुक आकडा वाजवायचा अशा शिस्तीने चालतात. एकाच घरात दोन वेगवेगळ्या पद्धतींचे स्पीकर मिसळू नयेत, या सल्ल्यामागचे कारण ही शिस्त आहे. बिनतारी स्पीकरलाही विजेची तार लागतेच, तेव्हा तो जिथे ठेवायचा तिथे प्लग पॉइंट आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे लागते.

खोली नावाचे वाद्य

भिंत कोणत्याही रूपात ओलांडली तरी शेवटी आवाज घडतो तो त्या खोलीत, आणि खोलीला स्वतःचा स्वभाव असतो. बोस्टनजवळच्या हार्वर्ड विद्यापीठातले वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून एका सदोष व्याख्यानगृहाचा अभ्यास करून निनादाचा, म्हणजे ध्वनी थांबल्यावरही खोलीत रेंगाळणाऱ्या घुमण्याचा, नियम शोधला. ध्वनी ६० डेसिबलने विरायला लागणारा वेळ खोलीच्या घनफळाच्या प्रमाणात वाढतो आणि तिच्यातल्या एकूण ध्वनिशोषणाच्या प्रमाणात घटतो. घनमीटर आणि चौरस मीटर यांत मोजले तर हा गुणक ०.१६१ येतो. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच खोलीचे घनफळ सुमारे ३२ घनमीटर आणि सर्व पृष्ठांचे क्षेत्रफळ सुमारे ६१ चौरस मीटर भरते. फरशी, गिलावा आणि काच एवढेच असलेल्या रिकाम्या खोलीत ही पृष्ठे सरासरी ५ टक्के ध्वनी शोषतात असे धरले, तर निनाद १.७ सेकंद टिकतो आणि शब्द एकमेकांत कालवले जातात. त्याच खोलीत गादी, जाड पडदे आणि पुस्तकांचे कपाट येऊन सरासरी २० टक्क्यांवर गेली, तर तो अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. महागडा स्पीकर घेऊन तो रिकाम्या, फरशीच्या खोलीत ठेवण्यापेक्षा मध्यम स्पीकर आणि एक सतरंजी हा सौदा बहुतेक वेळा सरस ठरतो.

खर्जाच्या स्वरांचा स्वभाव आणखी वेगळा आहे. समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर ज्या स्वराच्या तरंगलांबीच्या निम्मे असते, तो स्वर त्या खोलीत फुगतो. बारा फुटांच्या लांबीला सुमारे ४७ हर्ट्झचा आणि दहा फुटांच्या रुंदीला सुमारे ५६ हर्ट्झचा. स्पीकर कोपऱ्यात सरकवला की हे फुगणे सर्वाधिक होते, म्हणून बोलके कार्यक्रम आणि बातम्या ऐकण्यासाठीचा स्पीकर कोपऱ्यापासून हात-दीड हात दूर ठेवावा. स्वयंपाकघरात शेगडी आणि चिमणीच्या वरची जागा टाळावी, कारण तेलकट वाफ शंकूवर बसून त्याला जड करते. कोकणपट्टीतल्या खारट, दमट हवेत उघडी ठेवलेली तांब्याची टोके काही पावसाळ्यांत हिरवी पडतात आणि जोड सैल होतो, तेव्हा तिथे घट्ट बसणारे प्लग लावणे हिताचे ठरते. स्पीकरची तार विजेच्या तारांच्या पाइपातून कधीही नेऊ नये. तिला स्वतंत्र पाइप किंवा भिंतीवरची वेगळी पट्टी द्यावी, आणि तारेची वाट काढण्यासाठी तुळई किंवा खांब कोरू नयेत. घराचे वायरिंग नव्याने होत असेल तर प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण तिन्हींपैकी कोणतेही रूप पुढे निवडले तरी तो उपयोगी पडतो.

निवड आणि मर्यादा

शेजारच्या एका खोलीत पार्श्वसंगीत हवे असेल आणि अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरच्या दोन जोड्यांची सोय असेल, तर ८ ओहमचे स्पीकर आणि दीड चौरस मिलिमीटर तार हा सर्वांत टिकाऊ आणि स्वस्त मार्ग होय. प्रत्येक खोलीचा आवाज वेगळा राखायचा असेल तर क्षीण संकेत नेऊन तिथे स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर द्यावा. भिंती फोडता येत नसतील, घर भाड्याचे असेल किंवा प्रत्येक खोलीत वेगळे गाणे हवे असेल तर वाय-फायचे एकाच पद्धतीचे स्पीकर घ्यावेत. ब्लूटूथ हे एका खोलीचे साधन आहे आणि त्याच्याकडून घरभर पोचण्याची अपेक्षा धरू नये.

शक्तीची हाव मात्र कोणत्याच मार्गात नको. साध्या घरगुती स्पीकरला एक वॉट दिला तरी एक मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास पातळी मिळते, तर दोन माणसांच्या साध्या संभाषणाची पातळी ६० डेसिबलच्या घरात असते. म्हणजे स्वयंपाक करता करता ऐकण्यासाठी एक वॉटही पुष्कळ होतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक जाऊ नये, असे बंधन ठेवले आहे. ज्या घरात ऐकणाऱ्याच्या जवळ स्पीकर असतो, त्या घरात कोणत्याच खोलीतला आवाज चढवावा लागत नाही. दुसऱ्या खोलीत स्पीकर नीट बसला आहे, याची खूण अशी की दिवाणखान्यातला आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवूनही घरभर गाणे स्पष्ट ऐकू येते आणि शेजारच्या घरात ते जात नाही.